मेंदू धरणारे मल्हारीमामा

नाव: मल्हारी कोंडाजी गांगुर्डे. पद: प्रयोगशाळा परिचर, मानसशास्त्र विभाग. शिक्षण: सातवी उत्तीर्ण. रुजू दिनांक: १५ जून १९८८. ओळखीची खूण: उजव्या भुवईवर व्रण. व्यसन: चौकशी चालू.

शेवटची नोंद ऑगस्ट २००२ मधली. त्याआधी चौदा वर्षं मल्हारीमामा नाशिकच्या एका कॉलेजात मेंदू धरून उभे राहत. मेंदू प्लास्टरचा, फुटबॉलएवढा, रंगवलेला. टेबलावर ठेवला तर मागच्या बाकांना दिसत नाही, म्हणून तो मामांच्या हातात, आणि विभागप्रमुख लाकडी पट्टीने एकेक भाग दाखवत नोट्स सांगणार. नोट्स त्यांनी एकदाच काढल्या होत्या. कागद पिवळे पडले, स्वल्पविराम हलला नाही.

दुसरं काम प्रयोगाला बसायचं. पत्र्याला भोकं असतात, त्यात सळई धरायची. कडेला टेकली की बझर वाजतो. मुलांना माणूस मिळेना की मामांना बसवत. १९९८ पासून बझर फार वाजू लागला. विभागाने यंत्र सदोष ठरवून नवं मागवलं. तेही वाजलं. मग तिसरं. जुनी दोन्ही यंत्रं मामांनीच माळ्यावर नेऊन ठेवली.

पुढे एका तासाला हातातला मेंदूच थरथरला. "सर, भूकंप," कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला, सर तापले. मामांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, आणि सरांना तेच जास्त झोंबलं.

आठवड्याच्या आत मेमो आला. कामावर मद्यप्राशन, कारण हात थरथरतो. मुद्दाम सावकाश चालणे. वरिष्ठ बोलत असता चेहरा निर्विकार ठेवून उर्मटपणा करणे. मस्टरवरील सही खोडसाळपणे बारीक करत नेणे. सेवेतून का काढू नये, याचा खुलासा सात दिवसांत. माणसाचं वागणं कुठून उगवतं हे शिकवायचा पगार घेणाऱ्याने त्या वागण्याची फौजदारी करून टाकली होती.

मामांनी दारू एकदाच चाखली होती, भावाच्या हळदीला, आणि ओकले होते. तरी त्यांची बायको चांगुणाबाई दोन वर्षं गुपचूप त्यांच्या तोंडाचा वास घेत होती. मेमो ऐकून ती म्हणाली, "वास येत नाय, म्हणून तर लय भ्या वाटतं."

मामांनी मेमो पुन्हा वाचला. ही यादी त्यांनी आधी ऐकली होती. चौदा वेळा, दर डिसेंबरात.

खुलासा लिहिणं शक्य नव्हतं, अक्षर मुंगीएवढं झालं होतं. तो त्यांनी प्राचार्यांच्या चौकशी समितीसमोर तोंडी दिला, विभागप्रमुखांच्याच चालीत:

"मध्यमेंदूतील काळ्या पट्ट्यातल्या पेशी मरतात, स्वल्पविराम, डोपामीन कमी पडते, पूर्णविराम. लक्षणे. हात थरथरणे. चाल मंदावणे. चेहरा निर्विकार होणे. अक्षर बारीक होत जाणे. रोगाचे नाव कंपवात, अधोरेखित करा."

मग विभागप्रमुखांकडे वळून, स्वतःच्या आवाजात: "सर, तुमची पट्टी माझ्या बोटांपासून वीतभर लांब होती. चौदा वर्षं मेंदू दाखवला. एकदाबी हाताकडं बघितलं नाय."

विभागप्रमुख म्हणाले, तो भाग परीक्षेला फारसा येत नाही. हे त्यांनी बचाव म्हणून सांगितलं. समितीने तसंच लिहून घेतलं.

शरणपूर रोडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी मामांना दारापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं, मुठी उघडमीट करायला लावल्या आणि गोळ्या लिहून दिल्या. पाच मिनिटं. त्यांचं प्रमाणपत्र त्याच दिवशी कॉलेजात पोचलं. मेमोचा निकाल लागायला दहा महिने गेले. तेवढे दिवस मामांना वर्गात यायला मनाई होती आणि कॅन्टीनमध्ये पोरं त्यांना 'क्वार्टर' म्हणत.

जून २००३ मध्ये पत्र आलं: "संबंधित कर्मचाऱ्याच्या वर्तनात समाधानकारक सुधारणा झाल्याने मेमो मागे घेण्यात येत आहे."

तोवर डावा हातही थरथरू लागला होता.