टँकरची बंद खेप आणि चार गावांचे पंच

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, युरोपातले, आफ्रिकेतले देश स्वतःच्या डोक्यावर मानवी हक्कांचं सामायिक न्यायालय का बसवून घेतात? आपल्याच माणसाने आपल्याविरुद्ध तिथे जावं, हे कुठलं सरकार कबूल करेल? पुस्तकातलं उत्तर मला माहीत होतं. पटलं ते कड्याजवळच्या आपल्या गावात.

माझे दीर, म्हणजे तुमचे धाकटे आजोबा, तेव्हा सरपंच होते. टंचाईत आपल्यासह आसपासच्या चार गावांनी मिळून प्रत्येकी एक पंच नेमला. पाण्याबद्दल कुणालाही स्वतःच्या सरपंचाविरुद्ध तिथे जाता येई, आणि ज्या गावाची तक्रार, त्या गावचा पंच उठून बाजूला बसे. दिरांनी त्या करारावर सही केली तेव्हा त्यांचा मुलगा भडकला.

“आबा, आपल्या गावात परक्यांनी कशापायी नाक खुपसायचं?”

“मी हाय तवर गावाभायेरच्या वस्तीला पानी जाईल. उद्या दुसऱ्यानं तोडलं, तर त्या लोकांनी कुणाकडं जायचं?”

पहिली तक्रार आली ती त्यांच्याचविरुद्ध. वस्तीवरची माणसं ऊसतोडीला गेली, म्हणून वस्ती रिकामी धरून त्यांनी तिथली टँकरची खेप बंद केली होती. मागे म्हातारीकोतारी आणि लेकरं राहतात, हे दरसाल बघूनही डोक्यात आलं नाही. वस्तीवरची एक म्हातारी थेट शेजारच्या गावी पंचांकडे गेली.

निवडणूक तोंडावर होती. मुलगा म्हणाला, खेप गुपचूप सुरू करा, पण तिथे जाऊ नका. बाकीचे सरपंच टपून होते. दीर गेले नाहीत, तर तेही मोकळे. शेवटी दिरांनी मला विचारलं. मी म्हणाले, “पाणी आजच सोडा. पण तुम्ही गेला नाहीत, तर पुढच्या म्हातारीला तिथे कोण उभं करून घेईल?”

त्यांनी त्याच दिवशी खेप सुरू केली आणि ते गेले. पारावर पंचांसमोर आरोपीसारखे उभे राहिले. म्हातारी म्हणाली, “आमी ऊस तोडत न्हाई, म्हून आमाला तहान बी लागत न्हाई का, सरपंच?” दिरांनी चूक कबूल केली आणि पंचांचा निकाल आपल्या ग्रामसभेत स्वतः वाचला.

निवडणुकीत ते पडले. नवे सरपंच पंचांच्या करारातून गाव काढायला निघाले, तेव्हा तोडीहून परतलेली सगळी वस्ती सभेला येऊन बसली. ठराव मांडायला कुणी उठलं नाही.