होडीतून निघालेला मांडव

हळद लागलेल्या मुलीने मांडवाबाहेर पाऊल टाकायचे नाही, म्हणून तुम्ही तिला समुद्राच्या तोंडी द्याल का? नाही ना? मग हसू नका, आधी ऐका.

बंदरावर वादळाचा बावटा चढला तेव्हा मी गिरीजला होतो. अर्नाळ्याच्या बेटावर किल्ल्यालगत कोळ्यांची वस्ती आहे. तिथल्या माणसांना किनाऱ्यावर आणायला होड्या निघणार असे कळताच मी बैलगाडी धरली. केळीच्या वाड्यांतून जाताना गाडीवाल्याला रूढींविरुद्ध भाषण दिले. अर्नाळ्याला उतरवताना तो म्हणाला, "दादा, बैलांना पटलं."

तिथून एका तांडेलाने (होडीच्या म्होरक्याने) मला बेटावर नेले. समुद्र तेलासारखा सपाट होता, आभाळ मात्र काळवंडलेल्या तांब्याच्या घागरीसारखे. बेटावर बायका सुके बोंबील पाट्यांत भरत होत्या, कोंबड्या टोपलीखाली कोंडत होत्या. सगळी वस्ती निघाली होती. एकच घर अडले होते. तिथल्या चंद्रीला सकाळीच हळद लागली होती.

तिची आजी दारात ठाण मांडून बसली होती. "हळदीची पोर मांडवाभाइर जानार नाय!"

"आजी, हे थोतांड आहे!" मी ओट्यावर चढलो. "स्त्रीला गुलाम करणाऱ्या या रूढी..."

एवढ्यात एका मावशीने मागून माझ्या दोन्ही गालांना हळद फासली. "आता बोल रे बाबा, आता शोभतोस!"

पिवळ्या तोंडाने क्रांती सांगणे अवघड असते. तरी मी सांगितली. शेवटी त्यांनी मला बोंबलाचे कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. मी खाईपर्यंत वस्तीला जरा उसंत मिळाली.

मग वारा फिरला. माड वाकू लागले. तांडेल ओरडला, "आज्ये, उठ! पानी चढलं तर होडी निघनार नाय!" आजी हलेना. तिला आणि पोरीला टाकून घरचे कोणीच जाईना.

तेव्हा चंद्रीच वैतागून उठली. "आज्ये, मांडवाभाइर जायचं नाय ना? मंग मांडव घ्या की होडीत!"

आजीने नातीकडे रोखून पाहिले. "मांडवातली उंबराची फांदी इसरू नका," म्हणाली आणि पदर खोचून उभी राहिली.

मांडवाचे चार बांबू वरच्या कापडासकट उपटले गेले, त्यातला एक माझ्या हाती आला. मधोमध चंद्री आणि आजी, चार कोपऱ्यांना आम्ही चौघे, अशी मिरवणूक गुडघाभर पाण्यातून होडीत चढली. अर्ध्या वाटेत वारा त्या कापडात शिरला आणि मांडव शिडासारखा फुगला. होडी अशी सुटली की आधी निघालेले सगळे मागे पडले.

"बांबू सोडू नको, पुढारी!" तांडेल ओरडला. "पोरीचं लगीन उडंल!"

ज्या रूढीविरुद्ध मी पत्रके काढली, तिलाच दोन्ही हातांनी कवटाळून मी उभा होतो.

किनाऱ्यावर नवऱ्या मुलाचीच माणसे दोर घेऊन उभी होती. त्याची आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वरात आम्ही आनायची ना गो? एवढी कसली घाई?"

"आत्या, तुमचा भाचा येनार होता का असल्या वाऱ्यात?" चंद्रीने मांडवाखालूनच सुनावले.

सगळ्यांना गावातल्या शाळेत हलवले. त्याच रात्री वादळाने चंद्रीच्या घराचे छप्पर खाली आणले. खाली कोणी नव्हते. लग्न शाळेतच लागले.

गिरीजला परतलो तरी गालांवरची हळद जात नव्हती. ती रूढी चूक आहे, असे मी अजूनही म्हणतो आणि छापतोही. पण माझ्या भाषणाने त्या घरातले एक कोंबडेही होडीत चढले नव्हते. म्हणून किनाऱ्यावरच्या वाचकांनो, पुन्हा बावटा चढला तर होडी घेऊन बेटाकडे जा. एखादी वस्तू घेतल्याशिवाय कोणी निघत नसेल, तर वाद नंतर घाला. आधी तिचे एक टोक धरा.