अब्बांचा कपड्याचा साबण

मंडळी, सकाळी अब्बांच्या गाडीखाली पेट्रोलचं डबकं दिसलं.

अब्बांना जाऊन दोन महिने झाले. ऐंशी सालची त्यांची गाडी पौडच्या आमच्या दुकानामागे तशीच उभी आहे. भरे गावच्या तानाजी मिस्त्रीला बोलावलं. तो गाडीखाली सरकला, पाइप चाचपले, मग टाकीचा सांधा नखानं खरवडून म्हणाला, "हितं साबण हाय. वाळून तडकलाय. कोण लावत व्हतं?"

आमच्या लहानपणापासून दर शुक्रवारी नमाजच्या आधी अब्बा कपड्याचा साबण घेऊन गाडीमागे जायचे. "आता कुटं नेला साबण?" म्हणून अम्मी ओरडायची. आम्हाला वाटायचं, गाडी धुतात.

"गळती लई जुनी हाय," तानाजी म्हणाला. "साबण चोळला की थांबती. पर सारखा चोळावा लागतोय."

दुपारी त्यानं टाकी उतरवून, धुऊन, सांधा झाळून पक्की करून दिली. "आता बघाया नगं," म्हणाला. मी बरं म्हणालो. रडू वगैरे आलं नाही. साबणाचा तुकडा दुकानाच्या मागच्या खिडकीत होता, तिथंच राहू दिला.

तुमचं माणूस गेल्यावर घरात काय बिघडलं? आणि तुम्हाला किती दिवसांनी कळलं?