बकरीच्या नावावर

माझ्या नणंदेचा स्वभाव मला नवा नव्हता. सकाळी गळ्यात पडेल, दुपारी ताट बाजूला सारेल, आणि घरातलं कुणी बाहेरगावी निघालं की आता मी मेलेलीच दिसेन म्हणेल. नवी नवरी होते तेव्हा सगळ्यांसारखी मीही म्हणायची, नाटकं आहेत. मग कोरपन्याहून तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी व्यक्तिमत्त्वाचा आजार असं नाव सांगितलं आणि नाटकं म्हटल्याबद्दल मला तिथंच झापलं. मरेन असं कितीदाही म्हणाली तरी दरवेळी खरंच धरायचं. मरावंसं वाटतं का, हे सरळ विचारायचं. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. आणि फवारणीचं औषध घरात ठेवायचं नाही.

आमची कपाशी, औषधावाचून भागणार कसं? समोरच्या काकूंच्या कुलपाच्या पेटीत ते ठेवायचं ठरलं. पण खरं कारण सांगायला सासूबाईंची जीभ रेटेना. आमची बकरी कुठंही तोंड घालते, असं सांगून त्या मोकळ्या झाल्या. मला संताप आला, पण त्यांच्यापुढे माझं काही चाललं नाही.

त्या दिवशी मी गडचिरोलीकडे माहेरी निघाले होते, भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला. आदल्या दिवशी नणंदेनं घर डोक्यावर घेतलं होतं, मी गेले की परत येणार नाही म्हणून. सकाळी मात्र ती एकदम गप्प. भीती वाटायची सोडून मला हायसं वाटलं. थांब्यावर गेले तर काकूही उभ्या, लेकीकडे चाललेल्या.

"मी नाई तर फवारणीले लागन म्हणून औषध तुया नणंदेजवळ देलं वो," त्या सहज म्हणाल्या. "बकरीपासून जपून ठेव म्हटलं तिले."

बॅग तिथंच टाकून मी पळत सुटले. नवरा शेतात, सासूबाई त्याची न्याहारी घेऊन गेलेल्या. घरी ती एकटी होती. एवढासा रस्ता, पण सरेना. मनात नको नको ते येत होतं.

घर उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. मागे वळले तर ती समोर काकूंच्या ओट्यावर दिसली. औषधाची पिशवी खाली पायरीवर, आणि ती दूर कोपऱ्यात, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून बसलेली.

"वहिनी, हे ने माह्यासमोरून. हात नाई लावला म्या. पर लावीन असं वाटून राह्यलं."

मी पिशवी उचलली आणि विचारलं, "मरावंसं वाटून राह्यलं का तुले?"

तिनं मान हलवली. हो.

तेवढ्यात माझी बॅग घेऊन धापा टाकत काकू आल्या. त्यांना काही कळेना. मी तोंड उघडायच्या आत नणंदच बोलली.

"काकू, बकरी नाई. माह्यासाठीच ठेवत होते तुमच्याजवळ. आता मले नका देऊ."

काकूंनी माझ्या हातातून पिशवी घेतली, पेटीत टाकून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. पहिल्यांदाच सांगितलं असतं तर मी काय तुला हाकललं असतं, असं पुटपुटत तिच्याजवळ टेकल्या.

काकू लेकीकडे गेल्या नाहीत, मी साक्षगंधाला गेले नाही. तिला मधे घेऊन आम्ही चंद्रपूरच्या बसमध्ये बसलो. डॉक्टरबाई दाखल करून घेतील, हे तिला ठाऊक होतं. राजुरा मागे पडल्यावर तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

"वापस घरी आलो का बकरीची माफी मांगा लागन," ती म्हणाली.

काकू हसल्या. मला रडू आवरेना. ती घरी परत यायचं बोलत होती.