विसाव्यापुढचा अंतरा

मी कळमनुरीच्या एका शाळेत संगीत शिकवते, म्हणजे बहुतेक वेळ स्वागतगीतं बसवते. पाहुणे आले की पेटी घेऊन बसायचं, हेच माझं संगीत. म्हणून असेल, पण कुणी गात नसलेल्या जुन्या बंदिशी शोधायचा मला नाद लागला. घरच्यांनी चार दिवसांचं खूळ म्हणून तिकडे लक्ष दिलं नाही.

माझं माहेर डोंगरकड्याजवळचं लहानसं गाव. काही वर्षांपूर्वी तिथे माझी चुलत आजी वारली. तिरडी उचलली, भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन पुढे झालं आणि मी रडता रडता थांबले. चाल भजनाची नव्हतीच. झपताल होता. दहा मात्रांचा ठेका आणि पाय आपले साधे चालणारे, तरी कुणी अडखळत नव्हतं. राग मारवा म्हणावा तर पंचम लागत होता, पूर्वाकल्याण म्हणावा तर चलन निराळं. शब्द अर्धे हिंदी, अर्धे आमच्या तोंडी पडून झिजलेले. निजामाच्या काळात कुणा गवयाने आणलेली ख्यालाची चीज असावी. तो गेला, चीज इथेच राहिली.

आमच्याकडे वेशीबाहेर विसावा असतो. तिथे तिरडी टेकवतात, खांदेकरी बदलतात आणि बाया माघारी फिरतात. या चीजेची स्थायी, म्हणजे पहिला अर्धा भाग, घरापासून विसाव्यापर्यंत म्हणायची आणि अंतरा, म्हणजे उरलेला, विसाव्यापुढे, असा रिवाज. अंतरा एकटे माझे चुलत काकाच म्हणतात, बाकीचे नुसते टाळ धरतात. म्हणजे गावातल्या एकाही बाईने तो कधी ऐकलेला नाही, आणि ज्या पुरुषांनी ऐकला त्यांना आपण काय ऐकतोय याचा पत्ता नाही. या व्यवस्थेला काय म्हणावं?

मी काकांकडे गेले. म्हटलं, फक्त अंतरा म्हणून दाखवा, मी लिहून घेते. ते तंबाखू मळत होते. म्हणाले, "जित्या मानसाच्या घरात कोन म्हनते ते?" मग शेतात चला म्हटलं. शेत पण जितंच असते, म्हणाले. देवळाचं नाव काढलं तर काकू आतून माझ्यावरच डाफरली. काका चांगले ऐंशीच्या पुढचे, दम्याने बेजार. दर खेपेला त्यांचा खोकला ऐकला की मला धास्ती वाटायची, आणि ती सगळी काकांसाठी नव्हती.

एका जाणकारांना मी स्थायी पाठवली, मोठ्या शहरातल्या. त्यांनी कळवलं, लोकचाल दिसते, तुमच्या भागात ख्यालाची परंपरा नाही. नाही कशी? तुम्ही आलात कधी? असं लिहून खोडून टाकलं आणि धन्यवाद लिहिलं.

मग एका मयतीला भावाला गळ घातली. मोबाइल चालू करून त्याच्या हातात दिला. त्याने तो जपून खिशात ठेवला. आल्यावर ऐकलं तर शर्टाची खसखस, कुणीतरी लाकडं ओली आहेत म्हणतोय, कुणीतरी सोयाबीनचा भाव विचारतोय आणि माझा भाऊ त्याला सविस्तर सांगतोय. त्या सगळ्यामागे लांबून निषादावरून षड्ज ओलांडून रिषभावर जाणारा आवाज, तेवढाच. मी तो तुकडा इतक्यांदा ऐकला की सोयाबीनचे भाव मला पाठ झाले. माझा नवरा विचारायचा, "काय, कोणी आजारी हाय का गावाकडं?" हसायला यायचं आणि स्वतःची लाजही वाटायची. पण चीड जास्त होती. अर्धी चीज गळ्यात घेऊन फिरणं म्हणजे घास तोंडात आणि गिळायला बंदी.

आई गेली ती काही आजारी नव्हती. सकाळी चूल सारवली आणि भिंतीला टेकून बसली ती बसलीच. मी पोचले तोवर न्हाऊ घालून झालं होतं. स्थायी सुरू झाली. विसाव्यावर तिरडी टेकली, बाया वळल्या. आत्याने माझा दंड धरला. तो मी सोडवून घेतला आणि भावाच्या मागे चालू लागले. चीजेसाठी नाही. आईला एकटीला त्या पुरुषांबरोबर कसं पाठवायचं, एवढंच डोक्यात होतं. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हाकलतील. त्यांनी तोंड फिरवलं आणि अंतरा उचलला.

ते शेवटपर्यंत गायले असं सगळे सांगतात. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. मला आठवतं ते एवढंच, की आईच्या पायाला शेणाचा एक पोपडा राहून गेला होता, सारवणाचा, आणि तो कुणी पुसला नव्हता.

तेरावं झाल्यावर मी काकांकडे गेले. या वेळी हट्टाने गेले. म्हटलं, मी सोबत होते, ऐकलेलंच आहे, आता परत म्हणायला काय हरकत? त्यांनी विचारलं, "ऐकलं न तू पुरं?"

"ऐकलं असेल, काका. पण एकही सूर आठवत नाही मला."

त्यांनी आत काकूला चहा टाकायला सांगितलं. मग म्हणाले, "मंग बराबर म्हनलो म्या."

मला त्यांचा इतका राग आला की काकूने आणलेला चहा तसाच ठेवून मी उठले. फाट्यावर जीप यायला वेळ होता. मी उभ्या उभ्या स्थायी म्हणू लागले, चांगली मोठ्याने, चारचौघांत. शेजारची म्हातारी पदर आवळून लांब सरकली. स्थायी अजून येते, अगदी पक्की येते. पुढे अंतरा उचलायला जाते, तेव्हा आईचा तो पाय दिसतो आणि वाटतं, निदान पुसायचा तरी होता.