वारा फिरला की येतो

आमच्या घरात जायचं काम बाबांचं आणि हात हलवायचं काम आईचं नि माझं. म्हणून लग्नानंतर मी नवऱ्यामागे नेदरलँड्सला निघाले तेव्हा विमानतळावर कसं उभं राहायचं तेच बाबांना कळेना. सगळी नोकरी मालवाहू बोटीवर काढलेला माणूस. माझ्या बॅगेचा पट्टा तीनदा आवळला आणि म्हणाले, "पहिला महिना कोणाला सांगू नकोस की करमत नाही. दुसऱ्या महिन्यात सांगावंसंच वाटत नाही."

दादा, वहिनी, तुम्ही जयगडला त्यांच्याजवळ आहात. आणि माझ्यासारख्या डिपेंडंट व्हिसावर आलेल्या मैत्रिणींनो, तुमचंही कोणीतरी तिकडे आहेच. तुम्हा सगळ्यांनाच लिहितेय.

बाबांची बहुतेक वर्षं चीनच्या किनाऱ्याने माल चढवण्या-उतरवण्यात गेली. सुटीवर आले की मला पाढ्यांसारखी बंदरं म्हणायला लावत: तियानजिन, चिंगदाओ, शांघाय, निंगबो, शामेन, ग्वांगझाऊ. चुकले की पुन्हा उत्तरेपासून. जेवताना जुन्या चिनी शिडाच्या जहाजांच्या गोष्टी ठरलेल्या. वाट दिसावी म्हणून पुढच्या टोकाला दोन डोळे रंगवलेले. हिवाळ्यात उत्तरेच्या वाऱ्यावर दक्षिणेला जायचं आणि परतीचा वारा सुटेपर्यंत परक्या बंदरात महिनोन् महिने बसायचं. काहींनी तिथेच दुकान थाटलं, संसार मांडला. "मग त्यांची घरची माणसं?" मी विचारायचे. "वाट बघायची," बाबा म्हणायचे, आणि आई ताटातला भात चिवडत राहायची.

आता मी इथे नेदरलँड्सला, स्लोटरडाइकमध्ये एका शिपिंग ऑफिसात आहे. सकाळी आम्ही राहतो त्या डीमनहून ट्रेन, मग दिवसभर स्क्रीनवर निंगबोहून निघालेले कंटेनर. बोटीला उशीर झाला की ग्राहक चिडतात, मी सॉरी म्हणते. नोकरी लागली तेव्हा फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "बाबा, मी आता बोटीच्या कंपनीत." तिथेच माझं चुकलं.

कारण गेल्या वर्षापासून त्यांना विसर पडू लागला, आणि नेमकी तेवढीच गोष्ट लक्षात राहिली. रविवारी दादा, तू व्हिडिओ कॉल लावून देतोस. बाबा शर्ट सारखा करून बसतात. "मॅडम, माझा साइन-ऑफ कधी, बोटीवरून उतरायचं कधी? नऊ महिने झाले, बदली माणूस येत नाही. घरी पोरगी वाट बघतेय."

"बाबा, पोरगी मीच," म्हटलं तर अदबीने हसले, साहेबाच्या विनोदाला हसावं तसे. मे महिन्यात मी तीन आठवडे जयगडला जाऊन आले. समोर बसून पेज भरवली तरी मॅडमच. शेकडो बोटी कुठे आहेत ते मला एका क्लिकवर कळतं, आणि एका माणसाला त्याच्याच ओटीवरून घरात आणता येत नाही. डॉक्टरांना दाखवून झालं, रडून झालं. माझी आठ वर्षांची ईरा म्हणाली, "आई, जस्ट साइन हिम ऑफ." तेही केलं. "शामेनला उतरा," म्हटलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

परवा मात्र त्यांनी वेगळंच विचारलं. "मॅडम, तुमचं गाव कुठलं?"

"जयगड."

चेहरा उजळला. "मग आमच्याकडे निरोप द्याल? पोरीला सांगा, वारा फिरला की येतो."

इथे कुणी घर कुठे विचारलं की मी अजून जयगडच सांगते. पण बाबांना जे घर दिसतं, त्याच्या दारात एक पोरगी उभी आहे. तिच्यापर्यंत त्यांना जाता येत नाही, आणि मलाही नाही. तरी मी म्हटलं, "सांगते."