पुलापलीकडची लेक

मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि त्यावरचा पाय ते कधी उचलतच नसत. म्हणून सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. बायको सांगायची, हे झोपेतही पाय दाबतात.

त्यांच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी पुराणकथांचा वर्ग सुरू झाला. खुर्च्या सरकवल्याचा आवाज डोक्यात जाई. एकदा मास्तर तावातावाने भांडायला वर गेले. शिकवणाऱ्या बाई तेव्हा सांगत होत्या, की देशोदेशीच्या कथांत नायकाला वाट दाखवणारा कुणीतरी भेटतो, पण नदीपाशी तो थांबतो. पलीकडे नायकाला एकट्यालाच जावं लागतं. मास्तर दारातच थबकले. मग एक रिकामी खुर्ची दिसली, तीत बसले, आणि भांडण राहूनच गेलं.

तेव्हापासून त्यांचा एकही वर्ग चुकला नाही. चौकातला हवालदार त्यांना द्वारपाल दिसू लागला आणि लायसन्सची परीक्षा घेणारा साहेब तळ्याकाठचा यक्ष. जेवताना हे सगळं बायकोला साग्रसंगीत ऐकावं लागे. "पुराणातली वांगी पुराणात ठेवा आणि पानातलं संपवा," ती म्हणायची. मग हळूच विचारायची, पुढे काय झालं?

त्याच सुमारास एक निवृत्त नर्सबाई शिकायला आल्या. नवरा गेल्यापासून त्यांची गाडी दारात धूळ खात होती, आणि लेक राहायची नदीपलीकडे. सपाट रस्त्यावर बाई झकास चालवत. पुलाचा चढ आला की हातपाय गाळत, आणि त्यांनी काही करायच्या आत मास्तर ब्रेक दाबत.

एका सकाळी पुलाच्या चढावर गाडी थांबली. मास्तरांनी पुलाकडे पाहिलं, खालच्या पाण्याकडे पाहिलं आणि दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले.

"मास्तर, गाडी मागे घसरली तर?"

"घसरेल जराशी. मागे कुणी नाहीये. सावरा तुम्हीच."

गाडी घसरली. मास्तरांचा पाय हलला नाही. बाईंनी हँडब्रेक ओढला, ओठ घट्ट मिटले, क्लच हळूहळू सोडला. गाडी गुरगुरली आणि चढू लागली. पुलाच्या मध्यावर बाई मोठ्याने हसल्या. पुढे वळायचं होतं तिथे त्या वळल्याच नाहीत, थेट लेकीच्या दारात गेल्या.

पिठाने माखलेल्या हातांनी लेक बाहेर आली आणि आईला कोण घेऊन आलं ते शोधू लागली.

"मीच आले," बाई म्हणाल्या. "गाडी कुठे लावू ते सांग."

लेकीने तशीच मिठी मारली. बाईंच्या पाठीवर पिठाचे दोन पंजे उमटले. मास्तरांना आग्रहाने चहा झाला, मग दुसराही झाला. पुढच्या शिकवणीची पोरं ताटकळत होती. मास्तर पोचले ते शीळ घालत, आणि कुणालाही न रागावता गाडीत बसले.